नागपूरच्या उन्हाळ्यातही टिकणारा ओव्हरक्लॉक: गेमिंग पीसीचे पार्ट कसे निवडावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या एका तरुणाला स्वतःच्या हातानं गेमिंग पीसी जोडायचा आहे आणि पुढे तो ओव्हरक्लॉक करायचा आहे, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवायचा आहे. १४४०पी, १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन झाला आहे. खेळायचं आहे काउंटर-स्ट्राइक २ आणि सायबरपंक २०७७ सारखे जड गेम. दुकानदारानं दिलेली यादी अशी: कोअर आय७-१४७००के प्रोसेसर, बी७६० चिपसेटचा (बोर्डवरची मुख्य नियंत्रक चिप) मदरबोर्ड, ८ जीबीच्या चार डीडीआर५-५६०० स्टिक, २४० मिलीमीटरचा लिक्विड कूलर, आरटीएक्स ५०७०, ६५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि समोरून अखंड काचेचं कॅबिनेट. खोलीत एसी नाही, उन्हाळ्यात डेझर्ट कूलर असतो. ‘यात ओव्हरक्लॉकसाठी काय बदलू?’ असं त्यांनी विचारलंय, आणि शेवटी यूपीएसबद्दलही.

तुमच्या यादीत प्रत्येक वस्तू सुटी पाहिली तर ठीक आहे, पण एकत्र आल्यावर त्या एकमेकींचे पाय ओढतात. सगळ्यात मोठी गडबड प्रोसेसर आणि बोर्डच्या जोडीत आहे. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात ‘के’ असतो त्याचा अर्थ त्याचा मल्टिप्लायर, म्हणजे मूळ क्लॉकला ज्या आकड्यानं गुणून वेग ठरतो तो, अनलॉक्ड आहे. त्यासाठी तुम्ही जास्तीचे पैसे मोजता. पण तो मल्टिप्लायर वाढवायची सोय इंटेलनं फक्त झेड मालिकेच्या चिपसेटवर ठेवली आहे. बी७६० वर रॅम ओव्हरक्लॉक होते, प्रोसेसर होत नाही. म्हणजे ‘के’ चे पैसे भरायचे आणि तो कुलपातच ठेवायचा. एएमडीकडे गोष्ट वेगळी आहे: तिथे बी६५० आणि बी८५० या मधल्या चिपसेटवरही प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येतो. ए६२० आणि बी८४० वर मात्र येत नाही. बी८४० हे नाव बी८५० च्या इतकं जवळचं आहे की बिल करताना दोनदा वाचा.

आता मूळ मुद्दा. ओव्हरक्लॉकिंगबद्दल जो सल्ला आजही सगळीकडे फिरतो तो दुसऱ्या काळातला आहे. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. बस, म्हणजे प्रोसेसरला बोर्डशी जोडणारी वाहिनी, ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की तो ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर पळायचा, म्हणजे थेट दीडपट. २०११ चा आय५-२५००के मूळ ३.३ गिगाहर्ट्झचा, पण बऱ्यापैकी एअर कूलर लावला की ४.५ पर्यंत सहज जायचा. त्या काळात महागडा बोर्ड आणि भलामोठा कूलर घेण्याला अर्थ होता, कारण कंपनीनं चिपमध्ये खूप जागा शिल्लक ठेवलेली असायची. आज ती जागा कंपनी स्वतःच वापरून टाकते. नवे प्रोसेसर तापमान, करंट आणि व्होल्टेज बघून स्वतःच शेवटच्या पायरीपर्यंत बूस्ट होतात. आपल्या हातात उरतात ते प्रोसेसरचे दोन-चार टक्के, ग्राफिक्स कार्डाचे पाच ते दहा टक्के आणि नीट बसवलेल्या रॅमचा फायदा. म्हणून आज ओव्हरक्लॉकसाठी पार्ट निवडायचे म्हणजे सगळ्यात मोठ्या आकड्याच्या मागे धावायचं नसतं. उष्णता बाहेर काढणारे आणि वीज स्वच्छ पुरवणारे पार्ट घ्यायचे. नागपुरात तर हे दुप्पट लागू आहे.

उष्णतेचं गणित एकदा समजून घ्या, पुढचे सगळे निर्णय त्यातूनच निघतात. प्रोसेसरचा विजेचा वापर ढोबळमानानं क्लॉकच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. समजा ५.० गिगाहर्ट्झला १.२० व्होल्ट लागत होते आणि ५.३ साठी १.३० व्होल्ट द्यावे लागले. क्लॉक वाढला ६ टक्के, पण वीज वाढली २४ टक्क्यांच्या घरात. ही सगळी वाढ उष्णता होऊन कूलरच्या डोक्यावर बसते. कूलर एअर असो की लिक्विड, तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, हवेच्या वर अमुक अंश इतकंच त्याला रोखून धरता येतं. परदेशातले रिव्ह्यू साधारण २० ते २२ अंशांच्या खोलीत होतात. तुमच्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो आणि डेझर्ट कूलर चालू असला तरी खोली ३२ ते ३५ अंशांवर असते. कॅबिनेटच्या आत आणखी चार-पाच अंश धरा. रिव्ह्यूमध्ये ७५ अंश दिसलेला प्रोसेसर तुमच्याकडे ९० वर असेल. तिथे १५ अंशांची जागा शिल्लक दिसत होती, तुमच्याकडे ती हवेनंच खाल्लेली असते.

या हिशेबात १४७००के बसत नाही. पूर्ण लोडवर त्याची कमाल टर्बो पॉवर २५३ वॅट आहे आणि तेही ओव्हरक्लॉक न करता. गेममध्ये तो इतका ओढत नाही, पण शेडर कंपाइल होताना (गेम ग्राफिक्सचा कोड तयार करतो तेव्हा) किंवा स्ट्रेस टेस्ट लावल्यावर २४० चा लिक्विड कूलर आणि मे महिन्यातली नागपूरची खोली मिळून हे झेपणार नाही. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप चिपमध्ये जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिर होण्याची समस्या निघाली. इंटेलनं २०२४ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये तिच्यावर मायक्रोकोडचे (चिपच्या आतल्या कोडचे) अपडेट दिले आणि बॉक्स प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली. अपडेट केलेला बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) आणि मूळ सेटिंग असेल तर ही चिप वापरता येते. पण जिची दुखापत जास्त व्होल्टेजमुळे झाली तिलाच आपण हातानं आणखी व्होल्टेज द्यायचं, हे मला पटत नाही. शिवाय एलजीए १७०० हे सॉकेट इथेच संपतं, पुढची पिढी त्यात बसत नाही.

तुमच्यासाठी मी रायझन ७ ९८००एक्स३डी निवडेन. ८ कोअर, ५.२ गिगाहर्ट्झचा बूस्ट आणि ९६ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी. काउंटर-स्ट्राइकसारख्या गेममध्ये जिथे प्रोसेसर अडसर ठरतो तिथे ही कॅशच सगळ्यात जास्त काम करते. ओव्हरक्लॉकच्या दृष्टीनं यात एक गोष्ट खास आहे. आधीच्या ७८००एक्स३डी मध्ये जादा कॅशचा थर कोअरच्या डोक्यावर होता, त्यामुळे कोअरची उष्णता कॅशमधून वाट काढत वर यायची. म्हणून एएमडीनं त्याचा मल्टिप्लायर बंद ठेवला होता. ९८००एक्स३डी मध्ये कॅश खाली गेली, कोअर वर आले आणि चिप अनलॉक्ड झाली. पीबीओमधून, म्हणजे एएमडीच्या बायोसमधल्या ओव्हरक्लॉकच्या सोयीतून, २०० मेगाहर्ट्झ वाढवून ५.४ पर्यंतचा बूस्ट मिळतो. गेम खेळताना ती बहुतेक वेळ १०० वॅटच्या खालीच राहते, आणि नागपूरच्या खोलीत याचं मोल फार आहे. एएम५ सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही आधार देऊ असं एएमडीनं जाहीर केलेलं आहे, म्हणजे दोन-तीन वर्षांनी बोर्ड न बदलता प्रोसेसर बदलता येईल.

बजेट तिथवर ताणलं जात नसेल तर रायझन ५ ९६००एक्स घ्या आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात टाका. ही चिप ६५ वॅटची आहे, पण बायोसमध्ये तिला १०५ वॅटचा मोड आहे आणि एएमडीनं तो वॉरंटीच्या आत ठेवलाय. १४४०पी वर सायबरपंक सगळे इफेक्ट लावून खेळताना वेग ग्राफिक्स कार्डच ठरवतं, तिथे या दोन प्रोसेसरमध्ये फारसा फरक दिसणार नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये दिसेल. तुमचा जास्त वेळ कुठे जातो हे तुम्हालाच ठाऊक.

प्रोसेसर बॉक्समधलाच घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय आणि आपल्या सीताबर्डीत काय, ‘ट्रे’ (खोक्याशिवाय सुटा) प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण त्याच्या वॉरंटीसाठी कंपनी उभी राहत नाही, विकणारा देईल तेवढीच. ओव्हरक्लॉक करणाऱ्यानं हा धोका पत्करू नये. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: पीबीओ चालू करणं आणि एक्स्पो प्रोफाइलवर (रॅममध्ये आधीच भरलेलं जास्त वेगाचं सेटिंग) रॅम चालवणं हे दोन्ही एएमडीच्या अटींनुसार वॉरंटीच्या बाहेर आहे.

बोर्डकडे येऊ. दुकानात तुम्हाला एक्स८७०ई दाखवतील आणि ‘ओव्हरक्लॉकसाठी हाच लागतो’ म्हणतील. तो लागत नाही. १२० वॅट टीडीपीच्या (कूलरसाठी कंपनीनं धरलेला उष्णतेचा आकडा) एएम५ प्रोसेसरला मूळ सेटिंगमध्ये १६२ वॅटची मर्यादा असते, आणि ती कुठलाही बऱ्यापैकी बी६५० किंवा बी८५० बोर्ड आरामात सांभाळतो. वरच्या चिपसेटचे जास्तीचे पैसे मुख्यतः यूएसबी४ आणि जादा पोर्टसाठी जातात. बोर्ड निवडताना खोक्यावरचं नाव बाजूला ठेवा आणि फोटो मोठा करून सॉकेटच्या डाव्या आणि वरच्या बाजूला पाहा. व्हीआरएमवर (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणारा बोर्डचा भाग) भरीव, खाचा असलेला अॅल्युमिनियमचा हीटसिंक दोन्ही बाजूंना आहे का? नुसतं प्लॅस्टिकचं झाकण असेल तर पुढे जा. मग मागची पट्टी पाहा. बायोस फ्लॅशबॅकचं बटण हवंच. नव्या प्रोसेसरला जुना बायोस ओळखत नसेल तर पेनड्राइव्ह लावून प्रोसेसरशिवाय अपडेट करता येतं. मागच्या बाजूला क्लिअर सीमॉसचं (बायोसचं सेटिंग मूळपदावर आणणारं) बटण असेल तर उत्तमच, कारण रॅमचे टायमिंग चुकले की पीसी चालूच होत नाही आणि दर वेळी ग्राफिक्स कार्ड काढून बॅटरीपर्यंत हात घालणं जीवावर येतं. बोर्डवर दोन आकडी पोस्ट कोड (पीसी सुरू होताना कुठे अडला ते सांगणारा) दिसत असेल तर तो बोर्ड घ्या, नसेल तर किमान चार डीबग एलईडी तरी असू द्यात. पीसी रॅमवर अडलाय की ग्राफिक्सवर हे अंधारात बसून ओळखत बसावं लागत नाही.

बाह्य क्लॉक जनरेटर असलेले महाग बोर्डही असतात. त्यावर बेस क्लॉक वेगळा वाढवून ९८००एक्स३डी ५.४ च्या वर नेता येतो. ज्यांना बेंचमार्कचे आकडे चढवण्यातच आनंद आहे त्यांच्यासाठी ते आहेत. तुमचं काम त्याशिवाय होतं.

बायोसबाबत एक इशारा देतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये काही एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्याचे प्रकार झाले. एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड एसओसी व्होल्टेज, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचं व्होल्टेज, नको तितकं वर नेत होते. त्यानंतर एएमडीनं ते १.३ व्होल्टवर रोखलं. बोर्ड नवा असला तरी दुकानात वर्षभर पडून राहिलेला असू शकतो. म्हणून विंडोज टाकण्याआधी बायोस अपडेट करा, आणि एक्स्पो लावल्यावर एसओसी व्होल्टेज डोळ्यांनी बघा. ६००० च्या रॅमला १.२ च्या आसपास पुरतं.

रॅममध्ये तुमच्या यादीत दोन दुरुस्त्या. चार स्टिक नकोत, दोनच हव्यात. डीडीआर५ ला चार स्टिक लावल्या की मेमरी कंट्रोलरवर ताण येतो आणि वेग खाली आणावा लागतो, कधीकधी तर जाहिरातीतला वेग मिळतच नाही. १६ जीबीच्या दोन घ्या. दुसरी दुरुस्ती टायमिंगची. सीएल म्हणजे प्रतिसाद द्यायला रॅम क्लॉकचे किती ठोके घेते तो आकडा. ५६०० सीएल४० म्हणजे पहिला प्रतिसाद साधारण १४.३ नॅनोसेकंदांत. ६००० सीएल३० म्हणजे १०. हिशेब सोपा आहे, सीएल गुणिले २००० भागिले वेग. एएम५ वर ६००० हा आकडा मुद्दाम निवडायचा असतो, कारण तिथे मेमरी कंट्रोलर रॅमच्या बरोबरीनं, एकास एक चालतो. ६४०० पर्यंत काही चिप हे जमवतात. त्यावर गेलं की कंट्रोलर अर्ध्या वेगावर उतरतो आणि ८००० चा मोठा आकडा विकत घेऊनही गेममध्ये फायदा हाती लागेलच असं नाही. सीएल३० आणि १.३५ ते १.४० व्होल्टची जोडी मिळाली तर त्यात बहुधा एसके हायनिक्सच्या चिप असतात आणि त्या हातानं टायमिंग कमी करायला सगळ्यात चांगल्या. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव भडकले आहेत. सीएल३० फारच महाग मिळत असेल तर एक्स३डी सोबत ६००० सीएल३६ चालेल, कारण मोठ्या कॅशमुळे हा प्रोसेसर रॅमवर कमी अवलंबून असतो. ९६००एक्स घेतलात तर मात्र रॅमवर हात आखडता घेऊ नका.

रॅमच्या तापमानाकडे फार थोडे लोक लक्ष देतात. डीडीआर५ च्या स्टिकवर तापमानाचा सेन्सर असतो, एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तो दिसतो. घट्ट टायमिंगवर चालणारी रॅम ५५ अंशांच्या पुढे चुका करायला लागते, विशेषतः टीआरईएफआय (दोन रिफ्रेशमधलं अंतर) वाढवून ठेवला असेल तर. हा आकडा वाढवला की रॅम कमी वेळा रिफ्रेश होते, त्यामुळे वेग मिळतो, पण गरम झालेला मेमरी सेल चार्ज लवकर गमावतो. ३०० वॅटच्या ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट रॅमवर चढते. म्हणून नुसती रॅमची टेस्ट रात्रभर पास होते आणि गेम अर्ध्या तासात बंद पडतो. अशा वेळी लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देत बसतात.

ग्राफिक्स कार्डात आरटीएक्स ५०७० वर १२ जीबी मेमरी आहे. १४४०पी वर रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश दाखवणारा इफेक्ट) लावून सायबरपंक खेळायचं तर १६ जीबीची ५०७० टीआय किंवा आरएक्स ९०७० एक्सटी माझ्या मते जास्त टिकेल. ओव्हरक्लॉकनं वेग वाढतो, मेमरी वाढत नाही. प्रोसेसरमध्ये एक पायरी उतरून इथे एक पायरी चढायची वेळ आली तर बिनदिक्कत चढा.

एकाच चिपची पाच-सहा मॉडेलं मिळतात आणि ‘ओसी’ नावाच्या मॉडेलला जास्त पैसे पडतात. कारखान्यातून मिळणारा तो ओसी बहुतेक वेळा दोन टक्क्यांच्या आत असतो, तो तुम्ही दोन मिनिटांत स्वतः लावाल. पैसे द्यायचेच तर पॉवर लिमिट आणि कूलरसाठी द्या. ५०७० टीआयची मूळ मर्यादा ३०० वॅट आहे. साध्या मॉडेलमध्ये ती तिथेच अडते, काहींमध्ये ३५० पर्यंत नेता येते. रिव्ह्यूमध्ये तुमच्या मॉडेलची ही मर्यादा बघा, आणि लोडवर मेमरीचं तापमान किती आहे तेही बघा.

उन्हाळ्यासाठी मात्र मी उलट दिशेनं जायला सांगेन, म्हणजे अंडरव्होल्ट, कार्ड कमी व्होल्टेजवर चालवणं. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेजचा कर्व्ह उघडा, ०.९५ व्होल्टच्या आसपासचा बिंदू उचलून कार्डाच्या मूळ क्लॉकइतका वर न्या आणि त्यापुढचा कर्व्ह सपाट करा. वेग तेवढाच राहतो, वीज कमी लागते, पंखे शांत होतात. दोन प्रोफाइल ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जोरात पळवा, मार्चपासून अंडरव्होल्टवर या. मेमरीचा क्लॉक दोन्हींत वाढवता येतो. ५०७० टीआयच्या २८ जीबीपीएस जीडीडीआर७ ला वर जायला चांगली जागा असते. फक्त वाढवताना दर पायरीला बेंचमार्कचा स्कोअर बघा. मेमरी चुका सुधारत राहते, त्यामुळे पडद्यावर काहीच बिघडलेलं दिसत नाही आणि स्कोअर मात्र खाली येतो. स्कोअर वाढायचा थांबला की दोन पायऱ्या मागे या.

एसएमपीएसवर वाचवलेला पैसा पुढे दुप्पट वसूल होतो. ८५० वॅटचा, गोल्ड, एटीएक्स ३.१ (एसएमपीएसचं मानक) चा घ्या. ब्रॉन्झ, गोल्ड हे ‘८० प्लस’चं लेबल फक्त वीज किती वाया जाते ते सांगतं, पार्ट किती चांगले आहेत ते सांगत नाही. ती चाचणी साधारण २३ अंशांत होते. तुम्हाला उपयोगी आकडा वेगळाच आहे: कंपनी पूर्ण वॅट किती तापमानाला देण्याची हमी देते, ४० की ५० अंश? स्पेसिफिकेशनच्या पानावर तो लिहिलेला असतो. नागपूरसाठी ५० वालाच घ्या. एटीएक्स ३.० पासून एसएमपीएसनं क्षणभर, म्हणजे १०० मायक्रोसेकंद, दुप्पट भार सोसला पाहिजे असा नियम आला, कारण आधुनिक ग्राफिक्स कार्ड क्षणार्धात मोठा झटका ओढतात. जुना किंवा हलका एसएमपीएस नेमका त्याच क्षणी पीसी बंद पाडतो आणि आपण ओव्हरक्लॉक चुकला असं समजतो. कार्डाची १२व्ही-२x६ केबल आवाज येईपर्यंत दाबून बसवा, कनेक्टरपासून साडेतीन सेंटिमीटरच्या आत वाकवू नका, आणि साइड पॅनल लावताना काच केबलवर दाबत नाही ना ते पाहा.

सीपीयू कूलरसाठी ९८००एक्स३डी ला दोन टॉवरचा एअर कूलर पुरेसा आहे. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई स्वस्त आणि मस्त. लिक्विड कूलर घ्यायचाच तर ३६० चा घ्या, २४० साठी जादा पैसे देऊन मोठ्या एअर कूलरपुढे फारसं हाती लागत नाही. एअर कूलरमध्ये बिघडणारी गोष्ट एकच, पंखा, आणि तो काही मिनिटांत बदलता येतो. लिक्विडमध्ये पंप थांबला की नवीन संच. थर्मल पेस्टऐवजी हनीवेलचं पीटीएम७९५० पॅड लावा, असं मी आग्रहानं सांगतो. रोज गरम-थंड होताना पेस्ट हळूहळू कडेला सरकते, हे पॅड तसं सरकत नाही. एकदा लावलं की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही.

काचेच्या तोंडाचं कॅबिनेट परत करा. समोर जाळी हवी, तिच्यामागे १४० मिलीमीटरचे दोन किंवा १२० चे तीन पंखे आत हवा ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त असली की धूळ फटींतून न येता फिल्टरमधूनच येते. कॅबिनेट डेझर्ट कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. हवा गार लागते म्हणून मोह होतो. पण त्या ओल्या हवेबरोबर गवताच्या टट्टीतले तंतू आणि बारीक धूळ येते, ती हीटसिंकच्या पात्यांवर बसते आणि वाळली की मातीचा लेप होतो. ब्लोअरनं तो निघत नाही, ब्रशनं एकेक फट खरवडावी लागते. झोताच्या बाजूला, जमिनीपासून थोडं उंच ठेवा.

जोडून झाल्यावर लगेच ओव्हरक्लॉक करू नका. एक्स्पो लावल्यावर पहिल्या वेळी पडदा काही मिनिटं काळा राहतो. रॅमचं ट्रेनिंग चालू असतं, घाबरून बटण दाबू नका. आधी सगळं मूळ सेटिंगवर चालवून तापमान आणि स्कोअर लिहून ठेवा. मग एक्स्पो, मग ग्राफिक्स कार्ड, मग प्रोसेसर, आणि रॅमचे टायमिंग सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रोसेसरला पीबीओमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर उणे १५ पासून सुरू करा. यात प्रत्येक क्लॉकला लागणारं व्होल्टेज कमी होतं, चिप थंड राहते आणि म्हणूनच जास्त वेळ बूस्टवर टिकते. काही चिप उणे ३० घेतात, काही २० वर अडतात. हा नशिबाचा भाग आहे. सिनेबेंच ही प्रोसेसरची चाचणी पास झाली म्हणजे चिप स्थिर आहे असं समजू नका. व्होल्टेज कमी पडतं ते हलक्या लोडवर, एकच कोअर पूर्ण बूस्टला असताना. त्यासाठी कोअरसायकलर एकेक कोअर तपासतो, तो रात्रभर चालवा. रॅमसाठी टेस्टमेम५, आणि शेवटी ग्राफिक्स कार्ड आणि रॅम एकत्र तापवण्यासाठी तुमचा सगळ्यात जड गेम दोन तास. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीआ’ची (WHEA, म्हणजे विंडोजनं नोंदवलेली हार्डवेअरची चूक) एक जरी नोंद दिसली तरी ते सेटिंग नापास.

ही सगळी तपासणी जानेवारीत केली असेल तर ती मे महिन्यात पुन्हा करा. थंडीतला ओव्हरक्लॉक उन्हाळ्यात टिकतोच असं नाही. मी स्वतः कोणालाही मशीन देताना मे महिन्याचं तापमान धरूनच सेटिंग ठेवतो आणि वर थोडी जागा सोडतो.

आता यूपीएस. ६०० व्हीएचा चालणार नाही. त्यातून साधारण ३६० वॅट मिळतात आणि गेममध्ये तुमचा पीसी भिंतीतून ५०० च्या आसपास ओढेल, वर मॉनिटर. ११०० व्हीएचा, किमान ६६० वॅट देणारा घ्या, खरेदी करताना व्हीए नाही तर वॅट वाचा. चांगल्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असतं. स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरींवर त्यातले काही एसएमपीएस बॅटरीवर जाताच बंद पडतात, म्हणून प्युअर साइन वेव्ह परवडला तर तोच घ्या. मात्र यूपीएसच्याही आधी घराचं अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर अर्थकडे जायला वाट न मिळाल्यानं कॅबिनेटवर निम्म्या दाबाचा बारीक करंट सोडतात. वायरमन बोलवा, प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात किती व्होल्ट येतात ते मीटरनं मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ते चांगलं लक्षण, तरी अर्थिंग खरंच जोडलेलं आहे ना हे वायरमनकडून खात्री करून घ्या. जास्त असेल तर ते दुरुस्त होईपर्यंत पीसी जोडूच नका.